पाय ठेवायचा की काढायचा: नाशिकच्या एका ट्रॉमा हॉस्पिटलचा रिव्ह्यू, ४ स्टार

आधीच सांगून टाकतो, मी ४ स्टार देतोय आणि आमच्या मेहुण्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढलाय. काहींना विचित्र वाटेल. पण आपल्याकडे हॉस्पिटलचे रिव्ह्यू कसे असतात, पेशंट चालत घरी गेला की डॉक्टर देवमाणूस अन् पाच स्टार, नाही गेला की लुटारू अन् एक स्टार, मधलं काही नाहीच. आमची केस नेमकी मधली होती. पाय वाचवायचा म्हटलं असतं तरी चुकलं नसतं, काढायचा म्हटलं तरी चुकलं नाही, आणि अशा वेळी समोरचा डॉक्टर दोन्ही रस्ते कसे मांडतो यावरच सगळं असतं. मी स्टार त्याला दिलेत.

नाव टाकत नाही कारण खाली बिलिंगवाल्यांबद्दल जे लिहिलंय ते वाचून पुढच्या फॉलोअपला आमच्याच माणसाला फिरवतील. हायवेच्या पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे.

मेहुणा निफाड तालुक्यातला, वय ३१, द्राक्षबाग. माल काढायचं चालू होतं, कॅरेटनी भरलेली ट्रॉली उतारावरून मागे सरकली, हा लाकूड लावायला धावला आणि चाक नडगीवरून गेलं. नडगीचं हाड फुटून बाहेर, मधला तुकडाच गायब, पोटरी फाटलेली, आणि बांधावर शेणखताचा ढीग होता तर ते सगळं जखमेत. भावाने उपरण्याने आवळून बांधलं, तालुक्याला धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक अन् पट्टी एवढंच करून लगेच १०८ ने नाशिकला पाठवलं. तालुक्याचे डॉक्टर टाके घालत बसले नाहीत हे फार बरं झालं असं नंतर इथल्या सरांनीच सांगितलं, असल्या जखमेत जी काही घाण आहे ती वरून शिवून टाकली की आत सडतं.

कॅज्युअल्टीला फाइल, डिपॉझिट असलं काही न विचारता आत घेतलं, हा पहिला प्लस. दुसरा प्लस म्हणजे ड्युटीवरच्या पोराने जखमेकडे नंतर बघितलं, आधी पावलावर जेल लावून ते रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं डॉप्लरचं मशीन ठेवलं. भस्स भस्स असा आवाज आला तसा म्हणाला, सप्लाय आहे. पायाला रक्त पोचत नसेल तर साधारण सहा तासांच्या आत चालू करावं लागतं, त्यानंतर मांस मरायला लागतं, म्हणून तो आवाज सगळ्यात आधी. आम्ही मागे उभे, कोणाला काही कळत नव्हतं पण त्या आवाजाने सासऱ्यांच्या तोंडावर जरा जीव आला.

त्या रात्री ऑर्थोचे, म्हणजे हाडांचे, सर बाहेर आले. सासरे हात जोडून, डॉक्टर काहीही करा, वावर विकतो, पण पोराचा पाय वाचवा. सर म्हणाले, काका, आज कापायचं का वाचवायचं हा प्रश्नच नाही, आज जखम धुणार, मेलेलं मांस काढणार, बाहेरून रॉड लावून हाड धरून ठेवणार, दोन दिवसांनी परत आत जाऊन बघणार आणि मग सगळे बसून बोलू. मला हे तेव्हा टाळाटाळ वाटली होती खरं तर. पण रक्त चालू आहे, जीवाला धोका नाही, तर पहिल्याच रात्री घाईने ठरवायची गरज नसते, दोन दिवसांत कोणतं मांस जगतंय कोणतं नाही हे कळतं आणि घरच्यांचं डोकंही जरा ठिकाणावर येतं. (पायाचा पार चेंदा झालाय किंवा रक्तस्राव थांबतच नाही असं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबत नाहीत.)

आता ज्या गोष्टीसाठी हा रिव्ह्यू लिहितोय ती. दोन दिवसांनी दुसरं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ऑर्थो आणि प्लास्टिक सर्जन दोघं मिळून आले. एकटा ऑर्थो नाही, एकटा प्लास्टिकवाला नाही, दोघं. आम्ही म्हणलं सर बाहेर बोलू, त्याच्यासमोर नको, तो खचेल. सासूबाईंनी तर सगळ्यांना दम देऊन ठेवला होता की त्याला काही सांगायचं नाही. सर म्हणाले, पाय त्याचा आहे, तो शुद्धीत आहे, सही त्याची लागणार, बोलायचं तर त्याच्यासमोरच. आणि स्टूल ओढून बेडशेजारी बसले. उभ्या उभ्या राउंडमध्ये दोन मिनिटात नाही, बसले.

एक्स-रेच्या पाकिटाच्या मागे पेनाने लिहीत लिहीत सांगितलं. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलने असल्या उघड्या जखमांसाठी एक स्कोर काढलाय, २००६ साली छापून आलेला. कातडीचे पाचपैकी, हाडाचे पाचपैकी, स्नायू आणि नसांचे पाचपैकी, आणि बाकी अडचणींचे प्रत्येकी दोन. १४ पर्यंत आला तर पाय वाचवायला जायचं, १७ किंवा वर असेल तर बहुतेक काढावा लागतो, आणि मधले १५-१६ म्हणजे ग्रे झोन. आमचे कातडीचे ४, हाडाचे ५ कारण तुकडाच गेलेला, स्नायूंचे ४, आणि शेणखताचे २. झाले १५. मेहुणा त्या अवस्थेत म्हणतो, सर, खत बांधावर टाकलं नसतं तर पास झालो असतो ना. सर हसले आणि हो म्हणाले, शेतातली जखम असेल तर दोन मार्क धरावेच लागतात. अमेरिकेत १९९० मध्ये निघालेला मेस नावाचा अजून एक स्कोर आहे, त्यात ७ किंवा वर गेलं की पाय काढा म्हणायचे, पण मोठ्या अभ्यासात तो तितका भरवशाचा निघाला नाही हेही त्यांनीच सांगितलं. स्कोर म्हणजे बोलायला सुरुवात, निर्णय नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग दोन रस्ते. पहिला वाचवायचा. मांडीचं मांस आणि कातडी रक्तवाहिनीसकट उचलून नडगीवर लावायची, मायक्रोस्कोपखाली जोडायची, सात-आठ तासांचं ऑपरेशन. ते जगलं तर मग हाडाचा गॅप भरायचा, त्याला रिंग, म्हणजे पायाभोवती बाहेरून गोल कड्यांची चौकट, तारांनी हाडाला धरलेली. रशियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह डॉक्टरांची पद्धत, हाड वर एका जागी कापायचं आणि तो तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा, म्हणजे दिवसातून चार वेळा नटला पाव पाव मिलिमीटरचा फेर द्यायचा, मागे नवीन हाड तयार होत जातं. आमचा गॅप सात सेंटिमीटर, म्हणजे नुसतं सरकायलाच सत्तर दिवस, नंतर ते पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ, धरा वर्षभर रिंग पायात. तारांच्या भोवती रोज साफसफाई. मधे इन्फेक्शन झालं, हाड जुळलं नाही, तर परत ऑपरेशनं. घोटा बहुतेक आखडणार. आणि एवढं करून शेवटी काढावाच लागला असंही काहींचं होतं. पण जमलं तर पाय स्वतःचा.

दुसरा रस्ता, आत्ताच गुडघ्याखाली काढायचा. गुडघा राहतोय हे महत्त्वाचं, कारण गुडघ्याखाली काढला तर नकली पायावर चालायला साधारण पंचवीस टक्के जास्त ताकद लागते, गुडघ्यावर गेला की साठ-पासष्ट टक्के. जखम भरली की दोन-तीन महिन्यात पाय बसवता येतो. पण तो जन्मभर बदलत राहायचा, नसलेला पाय दुखतो, आणि एकदा काढला की काढला.

मग मी विचारलं की सर यातलं चांगलं कोणतं. तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या अभ्यासाचं सांगितलं, घरी येऊन मी पण वाचलं. आठ ट्रॉमा सेंटर, असल्याच जखमांचे ५६९ पेशंट, २००२ मध्ये छापला. दोन वर्षांनी बघितलं तर पाय वाचवलेले आणि काढलेले, दोघांच्या रोजच्या जगण्यात म्हणावा असा फरक नव्हता. कामावर परत गेलेले दोन्हीकडे निम्म्याच्या आसपासच. फरक एवढाच की वाचवलेल्यांना परत परत ॲडमिट व्हावं लागलं, जवळजवळ निम्म्यांना, आणि काढलेल्यांपैकी तिघात एकाला. आणि ज्यांच्या घरी आधार नाही, पैसा नाही, जे सिगारेट ओढतात, त्यांचं दोन्हीकडे वाईट झालं. हे सांगून सर मेहुण्याकडे बघून म्हणाले, बिडी बंद, पाय ठेव नाहीतर काढ, बिडी बंद, हाड आणि जखम दोन्हीचं वाटोळं करते ती. त्याच अभ्यासावरून पुढे खर्चाचा हिशोब झाला तर तिकडे जन्मभराचा खर्च काढलेल्यांचाच जास्त निघाला, नकली पाय बदलून बदलून. आपल्याकडे जयपूर फूट नावाचा नकली पाय फुकट मिळतो म्हणून ते गणित तसंच्या तसं लागू नाही असं माझं मत, पण तुमचा माणूस महागडा मॉड्युलर (सुटे भाग जोडलेला) पाय घेणार असेल तर डोक्यात ठेवा.

नातेवाईकांबद्दल थोडं लिहितो कारण ते पण या सर्व्हिसचा भागच असतात, तुम्ही बोलवा न बोलवा. एकाने येऊन सांगितलं की तळपायाला टोचलेलं कळत नाही म्हणजे पाय गेलाच, कशाला खर्च करता. सरांना विचारलं तर म्हणाले पूर्वी आम्हीही असंच धरून चालायचो, पण सुरुवातीला तळव्याला संवेदना नसलेल्या आणि पाय ठेवलेल्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त जणांना दोन वर्षात ती परत आलेली दिसली, म्हणून फक्त तेवढ्यावर पाय काढायचा नाही. दुसरे एक मामा, मुंबईला हलवा. तिसऱ्यांना कोणीतरी हाड बसवणारा वैदू माहीत होता, त्यांना मी चहा पाजून सीबीएसला (बस स्टँडला) सोडून आलो.

सेकंड ओपिनियनचं आम्ही घाबरत विचारलं तर सरांनी स्वतःच एक्स-रे आणि ऑपरेशनमध्ये काढलेले फोटो पेनड्राइव्हवर दिले. हे नाशिकमध्ये किती ठिकाणी होतं मला माहीत नाही, माझ्या बापाच्या अँजिओग्राफीची सीडी मिळवायला एका ठिकाणी मला भांडावं लागलं होतं. कॉलेज रोडला दुसऱ्या एका सर्जननी सगळं बघून सांगितलं, मी असतो तर वाचवायचा प्रयत्न केला असता, पण नाही केला तरी मी त्यांना चूक म्हणणार नाही. झालं, सासरे परत वाचवायच्या बाजूला.

ठरवलं शेवटी मेहुण्याने. रात्री मी थांबलो होतो, जखमेतलं पाणी ओढून घेणारं व्हॅक्युम ड्रेसिंगचं मशीन घुर्र करत होतं, म्हणाला, दाजी, ऑक्टोबर छाटणीला मला बागेत उभं राहायचंय. रिंग घेऊन मी कुठं उभा राहू चिखलात. आणि वर्षभर बाग दुसऱ्याच्या हातात दिली तर बाग पण जाईल आणि कर्ज पण थकेल. मी म्हणलं आई काय म्हणेल, तर म्हणाला आईला कळेल हळूहळू. सकाळी सरांना त्याने स्वतः सांगितलं. सरांनी लगेच सही घेतली नाही, संध्याकाळी परत येऊन विचारलं, तेच उत्तर आलं तेव्हा दोन्ही सर्जननी फाइलवर लिहून सह्या केल्या. सासूबाई बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मीच त्याला भरीला घातलं असं त्यांना वाटत होतं.

यावरून पाय काढणंच बरं असं कोणी समजू नका. शेजारच्या बेडवर अंबडच्या कंपनीतला सीएनसी ऑपरेटर होता, जवळपास तशीच जखम, त्याने रिंग घेतली. त्याचं काम एका जागेवरचं, ईएसआयसी (कामगार विमा) आहे, सुट्टीचे पैसे मिळतात, बायको नर्स, गॅप पण लहान. तो वॉकर घेऊन कॉरिडॉरमधून रिंगसकट चालायचा आणि नट फिरवायची वेळ झाली की मोबाइलवर अलार्म वाजायचा. त्याचा निर्णय त्याच्यासाठी बरोबरच होता.

आता एक स्टार कुठे गेला. बिलिंग. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचं कव्हर आहे, हॉस्पिटल योजनेत आहे, बोर्ड पण लावलाय, तरी काउंटरवरचा माणूस म्हणे ही केस पॅकेजमध्ये बसत नाही, कॅश भरा. आम्ही पहिले पैसे भरले पण. आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल जिन्याखाली कोपऱ्यात, तो सापडल्यावर त्याने रेशनकार्ड आणि आधार घेऊन अप्रूव्हल काढून दिलं. म्हणजे बसत होती. तुम्ही गेलात तर काउंटरला न विचारता आधी आरोग्यमित्र शोधा.

दुसरं, ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डबॉय कॉरिडॉरमध्ये फॉर्म घेऊन आला, काढलेला पाय तुम्ही नेणार का हॉस्पिटलने विल्हेवाट लावायची, इथे टिक करा. सासरे तिथेच खाली बसले. फॉर्म लागतो हे मान्य आहे, पण एवढं बेडशेजारी स्टूल ओढून बसणारे डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलात ही गोष्ट सांगायला कोणीतरी सिस्टर किंवा सोशल वर्कर बसवता आला नसता का.

आणि तिसरं सगळ्यात मोठं. पाय काढेपर्यंत एवढं समजावलं आणि काढल्यानंतर पुढचं काहीच नाही. फिजिओची मॅडम चांगली होती, गुडघ्याखाली उशी ठेवू नका, गुडघा आखडला तर पाय बसणार नाही, हे तिनेच सांगितलं, क्रेप बँडेज तिरकं इंग्रजी आठसारखं कसं गुंडाळायचं ते घरच्यांना तीन वेळा करून दाखवलं. पण ती रविवारी नसते आणि डिस्चार्ज रविवारी. नकली पायाबद्दल विचारलं तर एका प्रायव्हेट दुकानाचं चकचकीत ब्रोशर हातात, किंमत लाखाच्या घरात. फुकट मिळतो हे कोणी बोललंच नाही. रात्री नसलेल्या अंगठ्याला खाज सुटायची, हा उठून बसायचा, घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. ही फार कॉमन गोष्ट आहे, त्यावर गोळ्या असतात, आरसा लावून चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत करायचे व्यायाम असतात, पण आम्हाला फॉलोअपला जाऊन विचारल्यावर कळलं. डिस्चार्जला पाच मिनिटं सांगितलं असतं तर कितीतरी रात्री सोप्या गेल्या असत्या.

पाय शेवटी जयपूर फूटच घेतला. जयपूरच्या रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. सेठींनी १९६८ च्या सुमारास तयार केलेला, रबराचं पाऊल, बूट नसला तरी चालतं, पाण्यात-चिखलात चालतं, उकिडवं बसता येतं. शेतकऱ्याला यापेक्षा दुसरं काय पाहिजे. सुरुवातीला सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग) घासून कातडी सोलली, मग उरलेल्या पायाचं ठुंठ बारीक होत गेलं तसा सॉकेट ढिला, मोज्यावर मोजे चढवायचे, परत माप. ऑक्टोबर छाटणीला तो बागेत होता. पूर्ण दिवस नाही, दुपारनंतर खाटेवर बसून मजुरांवर ओरडायचं काम केलं. ट्रॅक्टर मात्र अजून भाऊच चालवतो कारण क्लच डाव्या पायाचा आणि नकली पावलाला तो किती दाबला गेलाय हे कळत नाही.

बाकी किरकोळ: पार्किंग नाहीच, गाडी लांब लावा. कँटीनचे पोहे बरे, चहा नको. आयसीयूबाहेर नातेवाइकांना लोखंडी खुर्च्या आणि भयंकर डास, ओडोमॉस घेऊन जा.

कागदपत्रांचं एक राहिलं. शेतकरी असाल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत एक अवयव गेला तर एक लाख मिळतात, तालुका कृषी कार्यालयात अर्ज, उशीर करू नका. त्यासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, आमचं त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमधून झालं, सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त पाहिजे आणि ते यात बसतंच. पण आमच्या डिस्चार्ज कार्डवर डाव्याऐवजी उजवा पाय लिहिलेला. सिव्हिलचे डॉक्टर मेहुण्याच्या पायाकडे बघतायत, कागदाकडे बघतायत आणि म्हणतायत दुरुस्त करून आणा. हेलपाटा झाला, हॉस्पिटलने दुरुस्तीचे शंभर रुपये पण घेतले. कार्ड हातात आलं की काउंटरवरच उभं राहून बाजू, तारीख आणि कुठून काढलाय ते वाचून घ्या, शिक्का बघा, मगच गाडीत बसा.